कोरे बाई आणि चरबीयुक्त ऊती

आमच्या गावच्या शाळेत सांगाडा नव्हता. उमरग्याहून रोज एसटीनं येणाऱ्या विज्ञानाच्या कोरे बाईंचं त्यावाचून काही अडत नसे. त्या सरळ वर्गातलं एखादं पोर पुढं बोलवायच्या. एकाचा कान मुडपून सोडायच्या : "ही कास्थी. वाकती, पर मोडत न्हाय. नाकाच्या शेंड्याला बी हीच." दुसऱ्याच्या टाचेच्या जरा वर मागून चिमटीत धरायच्या : "ही स्नायुरज्जू, स्नायूला हाडाशी बांधती. अन् गुडघ्यातला अस्थिबंध हाडाला हाड बांधतोय." कुणी खरचटून आलं तर बाईंना आनंदच व्हायचा. "रक्त बी संयोजी, म्हंजे जोडणारी, ऊतीच हाय बरं का! वाहतंय म्हणून त्याला परकं समजू नका."

पुढं बोलावलं जाणं हा मान होता. "आज बाईंनी माझा गुडघा घेतला," असं पोरं घरी ऐटीत सांगायची. बाई देवाघरी गेल्या त्याला वर्ष होत आलं, पण गावात त्यांचा विषय निघाला की बापे माणसंसुद्धा आपापले कान चाचपतात.

नववीत चरबीयुक्त ऊतीचा तास आला. बाईंची नजर वर्गभर फिरली आणि माझ्यावर थांबली. "संगीता, ये गं." मीही मोठ्या तोऱ्यात गेले. बाईंनी माझा दंड चिमटीत धरला. "ही बघा चरबी. कातडीखाली, पोटात, मूत्रपिंडाभोवती..." पुढचं हसण्यात बुडालं. बाईही हसल्या. मी कानापर्यंत तापले.

त्या दिवसापासून मी भाकरी सोडली. पोट दुखतंय म्हणायचं आणि ताटावरून उठायचं. शरमेनं आईलाही काही सांगितलं नाही; एका मैत्रिणीला तेवढं ठाऊक होतं. शेवटी प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडले, आणि त्या मैत्रिणीनं बाईंना खरं ते सांगून टाकलं.

रविवार असूनही बाई एसटी धरून आमच्या घरी आल्या. आईनं ताट वाढलं. बाईंनी हात लावला नाही.

"संगीता जेवल्याबिगर मी घास घेणार न्हाय."

"बाई, दारात आलेल्या माणसानं उपाशी बसायचं असतंय व्हय?" आई रडकुंडीला आली.

"पोरीला मीच उपाशी बसवलंय," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "चुकलं माझं, माय."

बाईंनी माझी माफी मागायची! तोंड कुठं लपवू असं मला झालं. त्यांच्यासाठी चार घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. बाईंच्या ते ध्यानात आलं असणार.

सोमवारी त्यांनी तोच धडा पुन्हा काढला. कुणालाही पुढं बोलावलं नाही. पदर खोचला, आणि स्वतःच्याच पोटाची वळी मुठीत धरून उभ्या राहिल्या. "ही चरबीयुक्त ऊती. मूत्रपिंडाला गादी, थंडीत गोधडी. माझ्याकडं लई हाय. हसायचं त्यांनी हसून घ्या."

पोरं हसली. मला हसली होती त्याहून जोरात. बाईंचा चेहरा लालबुंद झाला, तरी हसू संपेपर्यंत त्यांनी मूठ सोडली नाही. एवढ्या वयात, एवढ्या पोरांसमोर. मला त्यांच्याकडं बघवेना.

पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांनी प्रत्येक ऊती स्वतःच्याच अंगावर दाखवली. त्या सोमवारी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला आणि पोटभर भाकरी खाल्ली.