भोवत्याची इस्टेट

केळीच्या मुलखातल्या लालबागला राहून मी नकाशे करतो. बहुतेक केळीच्या बागांचे आणि प्लॉटांचे. त्यांत पृथ्वी सपाट असते आणि कुणाची तक्रार येत नाही. त्यामुळे एका पक्षीमित्र मंडळानं भोवत्यांचं काम दिलं, तेव्हा 'त्यात काय विशेष' असं मी म्हणालो. हे मी नेहमी गोत्यात येण्याआधी म्हणतो.

भोवत्या हा शिकारी पक्षी. हिवाळ्यात आपल्याकडं येतो, रात्री गवताळ माळावर चक्क जमिनीवर झोपतो, आणि उन्हाळ्यात पार कझाकस्तानात जाऊन अंडी घालतो. काही पक्ष्यांच्या पाठीवर ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसवली होती, त्यांचे ठिपके माझ्या संगणकात येत. धूलकोटकडच्या एका गावाचा माळ हा त्यांचा मुक्काम, आणि गावाला तोच माळ नांगरून मका लावायचा होता. मी ग्रामसभेत नकाशा दाखवायचा, गावानं विरघळायचं, अशी योजना होती.

गोल पृथ्वी कागदावर सपाट करायची तर काहीतरी बिघडतंच. आकार तरी, नाहीतर क्षेत्रफळ तरी. काय बिघडवायचं, हे नकाशा करणाऱ्यानं निवडायचं असतं. मी निवडलंच नाही. मोबाइलवर दिसतो तसलाच नकाशा घेतला, लोकांच्या ओळखीचा म्हणून. त्यात उत्तरेकडचं सगळं फुगतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. त्यावर मार्कही मिळाले होते.

ग्रामसभेत चादरीएवढा नकाशा टांगला. दख्खनेतला हिवाळी मुलूख हिरवा, तिकडचा उन्हाळी मुलूख केशरी.

पुढं बसलेल्या एका काकांनी विचारलं, "भाऊ, हे केशरी बी त्याचंच का?"

"त्याचंच!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मंग तिकडं एवढी इस्टेट असून आमच्या माळावर कायले नजर?"

सभा खो-खो हसली. सरपंचबाईसुद्धा. हसू आवरून त्या म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी फैसला. तोवर ट्रॅक्टर घालायचा नाही."

घरी बायकोनं नकाशा जाजमावर पसरून पाहिला. "अहो, पाखराला तिकडं बंगला बांधून दिलात आणि इथं खोपटं. मीसुद्धा नांगर घातला असता."

मग क्षेत्रफळ खरं ठेवणारी पद्धत घेतली. केशरी आणि हिरवा जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे अर्धी इस्टेट मीच वाढवली होती. मात्र आता उत्तर दबली आणि आपला देश किंचित कलला.

सोमवारी पहिला प्रश्न अर्थातच, "हिंदुस्तान तिरपा कसा झाला?" समजावायला गोल फळ हवं होतं. समोर चहाबरोबर आलेली दापोरा गावची केळी होती. मी एक सोललं, साल टेबलावर दाबली आणि म्हणालो, "समजा, ही पृथ्वी."

"जमीन केळीसारखी आहे?" मागून कुणीतरी. पुन्हा हशा. मी केळं खाऊन टाकलं.

काका मात्र उठून नकाशाजवळ आले. दोन्ही रंगांवर पंजा ठेवून पाहिला. "म्हंजे पाखराचे दोन घरं, बराबरीचे. एक गेलं का दुसऱ्याचा काही फायदा नाही."

"नाही," मी म्हणालो.

"तिकडच्या लोकांनी त्यांच्या माळाचं काय ठरवलं?"

माझ्याकडं ठिपके होते, रंग होते, दोन प्रकारची पृथ्वी होती. तिकडची बातमी नव्हती. थाप मारायचा मोह झाला, पण मागच्या खेपेला न मारताच केवढी मारून बसलो होतो. "माहीत नाही," म्हणालो.

सभेत कुजबुज वाढली. सरपंचबाईंनी पदर खोचला. "त्यांचं त्यांच्यापाशी. आपलं ठरवा. पाखरं जाईपर्यंत यंदा माळ तसाच राहील. हात वर करा."

काही हात लगेच वर गेले, काही शेजाऱ्याकडं बघून. काकांचा सगळ्यांत शेवटी. तरी वर गेलेले हात जास्त भरले.

मी नकाशा गुंडाळू लागलो. "राहू द्या तो," बाई म्हणाल्या. "आणि तिकडचं विचारून सांगा. पुढच्या साली लोक विचारतील."

तेव्हापासून मी कझाकस्तानातल्या कुणाचा तरी पत्ता शोधतो आहे. बायको म्हणते, आधी त्यांचा देश नकाशात जरा कमी दाबा, मग बोलतील.