दोन जादा ठोके

ठोकताईच्या हाताखाली माती आली की रस्त्यांची माती तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेतला पंखासुद्धा जपून फिरायचा. लोखंडी साच्यात मातीचा थर घालायचा, वरून वजन सोडायचं, धप्प! ठरलेले ठोके झाले की पुढचा थर. मध्येच कुणी "ताई, चहा?" विचारलं की मोजणी चुकायची. मग माती साच्याबाहेर आणि विचारणारा दाराबाहेर. ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरी पीठ भरतानाही ती डबा मोजून आपटायची.

"पिठावरून रोलर फिरवणारेस का गं?" आई विचारायची.

आईचे पाय थकलेले, जीभ मात्र ठणठणीत. चाकांची खुर्ची होती, पण दारापुढच्या कच्च्या गल्लीत चाकं रुतून बसायची. गल्लीच्या त्या टोकाला तिची पत्त्यांतली जुनी वैरीण राहायची. शेवटचा डाव त्या बाईने जिंकला होता आणि परतफेड करायला आईला जाता येत नव्हतं. हे दुखणं पायांपेक्षा मोठं होतं.

शेवटी गल्लीत रस्ता करायचं ठरलं आणि तिथलीच माती पोत्यात भरून ठोकताईच्या टेबलावर आली. तिने ती ठोकली, चार दिवस पाण्यात भिजवली, यंत्राखाली ठेवली. यंत्राचा लोखंडी दांडा चिखलात पाय जावा तसा आत गेला. माती नापास!

"घरच्या मातीला नापास करतेस? कुणावर गेलीस गं?" घरी कळताच आई कडाडली.

"तुझ्यावर. बाबांना तरी कधी पास केलंस?"

आता उपाय एकच. मातीत चुना मिसळायचा आणि पुन्हा परीक्षा घ्यायची.

"म्हणजे आम्हाला चुना लावणार," आई म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली.

चुन्याची माती साच्यात बसली. शेवटच्या थराचे ठोके संपले, पण ठोकताईच्या डोळ्यांपुढे आईची खुर्ची झोकात चालली होती. हात थांबेचना. धप्प. आणखी एक, धप्प.

"ताई, दोन जास्त झाले," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला हळूच म्हणाला. "असू द्या. तेवढीच घट्ट बसेल."

"साच्यात बसेल रे! गल्लीभर जादा ठोके द्यायला मी जाऊ?"

तिने साचा रिकामा केला. नवी माती, नवी मोजणी आणि भिजवणं पुन्हा पहिल्यापासून.

"अजून भिजतेय?" आई करवादली. "एवढ्या पाण्यात मीसुद्धा मऊ झाले असते!"

"असं? मग तुलाच ठेवते साच्यात."

परीक्षेच्या दिवशी चष्मेवाला लिलाव पुकारावा तसे आकडे वाचायला लागला. दांडा जरासा टेकला आणि अडला. यंत्रावरचा जोराचा काटा मात्र चढत राहिला, चढतच राहिला. ठोकताईने दातांखाली पदर धरला होता.

"पास! वर चार गुण शिल्लक!"

"चहा कुणाला हवाय रे?" ठोकताई एवढ्या मोठ्याने ओरडली की दोघेजण आधी दाराकडेच पळाले.

रस्ता झाला. पहिल्याच संध्याकाळी आई काठी घेऊन खुर्चीत बसली. ठोकताई मागून ढकलत होती आणि आई वाटेत काठीने रस्ता ठोकत होती. टक, टक, टक.

"आई, पक्का आहे गं. मी..."

"मध्ये बोलू नकोस! मोजतेय ना!"

त्या टोकाला वैरीण दारात उभी होती. "आलीस? मला वाटलं, हरायच्या भीतीने बसलीस घरात."

आईने काठी लेकीच्या हातात दिली आणि पदर खोचला.

"पत्ते काढ. आज मी पिसणार."