पाचवं धुणं

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. सव्वीस वर्षं ते तिथे धुण्याचंच काम करत आले. बायको म्हणायची, "तिकडे दिवसभर धुता, घरी मात्र स्वतःची कपबशी विसळवत नाही."

अलीकडे धुणं असायचं सिलिकाच्या कणांचं. वाळूच्याच जातीचे, पण डोळ्यांना न दिसणारे कण. पोटात चमकणारा रंग भरलेला. उंदराला टोचले की ते कर्करोगाच्या गाठीत जाऊन बसायचे आणि कॅमेऱ्यात गाठ तेवढी उजळायची. मात्र कणांना बाहेरून चिकटलेला सुटा रंग आधी निघायला हवा. म्हणून यंत्रात फिरवून कण तळाला बसवायचे, वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं. असं पाच वेळा. शेवटचं पाणी जांभळ्या दिव्याखाली चमकलं नाही, म्हणजे झालं.

त्या दिवशी घरी जावई यायचे होते. चौथं पाणी किंचित हिरवं दिसलं. एवढ्याने काय होतंय, असं मनाशी म्हणत मामांनी वहीत पाच धुणी झाल्याचं लिहिलं आणि ते निघाले.

आठवड्याने कॅमेऱ्यात गाठ वेगळी दिसेचना. अख्खा उंदीरच उजळला होता.

संशोधक मुलीची तीन वर्षं या कणांत गेली होती. कणांचं कवच रंग धरत नाही, ही पद्धत सोडून द्या, असं तिला सरांनी सांगितलं. ती बाटल्या खोक्यात भरू लागली. मामा मदतीला गेले, तर तीच त्यांची समजूत घालायला लागली.

"तुम्ही कशाला तोंड पाडता, मामा? तुमचं धुणं मी कधी तपासत नाही. माझंच काहीतरी चुकलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच संन्याशाला खोकं धरून देत होता. मामांनी ते खाली ठेवलं.

"ताई, पाचवं धुणं मी केलंच नव्हतं."

तिने वही पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच कणांची उरलेली बाटली धुवायला काढली. मामांनी हात पुढे केला, तेव्हा "राहू द्या" एवढंच म्हणाली.

नीट धुतलेले कण पुढच्या उंदराच्या गाठीतच बसले. पद्धत टिकली. सरांनी मामांची खरडपट्टी काढली, पण नोकरी राहिली. ती अजूनही त्यांना मामाच म्हणते, चहा विचारते. फक्त शेवटचं पाणी आता स्वतः दिव्याखाली धरते, आणि तेवढा वेळ मामा टेबलापलीकडे खाली मान घालून उभे असतात.