भिवाच्या जाड अक्षरातलं हळदीकुंकू

लालबागच्या चाळीत येऊन मालनला वर्ष झालं, तरी नळावर तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. आल्या आल्याच तिनं राधाबाईचा हंडा बाजूला सरकवून आपला लावला होता. राधाबाई साताऱ्याकडची, चाळीत सगळ्यांत जुनी. ती बोलेना म्हणून बाकीच्याही बोलेनात. मालननं ठरवलं, संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं. राधाबाई आली की सगळ्या येतील.

पण बोलावणं करायला दारोदार जायचं म्हणजे राधाबाईच्या दारातही उभं राहायचं. तेवढा धीर तिला होईना. ती नवऱ्याला म्हणाली, "एक पाटी लिवून द्या. नळाकडे लावूया."

भिवा गिरणीत कापडाच्या गाठींवर छाप मारायचा. पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा गाठीवर दाबून धरायचा आणि वरून काळा ब्रश फिरवायचा. अक्षरं विटांसारखी, चौकोनी आणि जाड. आतला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये पट्टी ठेवावी लागे, त्यामुळे 'व'च्या पोटात फट राही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटल्यापासून सभांच्या पाट्याही तो त्याच पत्र्यांनी काढी. आसपास वाचता येणारे थोडे, पण भिवाचं अक्षर सगळे ओळखत.

पाटी बघून मालननं कपाळाला हात लावला. "माझ्याकडे हळदीकुंकू आसा, संप नाय."

"लांबसून दिसाक व्हया," भिवा म्हणाला. "बारीक अक्षर कोण बघता?"

रविवारी दुपारी मालन ठेवणीतलं लुगडं नेसून, वाणाच्या गाळण्या मांडून बसली. जिन्यावर पावलं वाजली म्हणून ती हौसेनं उठली, तर दारात राधाबाईचा नवरा गणपत, खांद्यावर झेंडा. त्याच्यामागं जिनाभर गडी.

"भाषण कोन करनार हाय?" गणपतनं विचारलं.

भिवानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मालननं तिळगुळाचा डबा उघडला. "बसा भावजी. आधी गोड घ्या."

सगळे मांडी घालून बसले. हातावर तिळगूळ पडला, वाणाच्या गाळण्या दिसल्या, तेव्हा कुठं गणपतच्या डोक्यात उजेड पडला. "भिवा, लेका, हे बायकांचं हाय की."

"मगे? पाटयेर तसांच लिवलां आसा."

खोली हसून हसून हादरली. आलोच आहोत तर म्हणून कुणीतरी घोषणाही दिली. ती ऐकून नवऱ्याला शोधत राधाबाई खाली आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"पाटीनं बोलावल्यावर बाया येत्यात व्हय गं?"

"नाय येत," मालन म्हणाली. "चुकलां माझां. तुमच्या दारात येवक भ्या वाटला." तिनं हातातला करंडा उघडला.

राधाबाईनं तिला खालवर न्याहाळलं. मग उंबरा ओलांडून कपाळ पुढं केलं. कुंकू लागल्यावर वळून पुरुषांना म्हणाली, "उठा आता. बायांना जागा द्या." आणि गॅलरीत जाऊन तिनं मजल्यामजल्यावर हाका घातल्या.

दिवेलागणीला गाळणी पदराखाली घेऊन निघताना ती भिवापाशी थांबली. "भावजी, नळाच्या पाळ्या लिवून द्या. असल्याच अक्षरात. मग कोन दुसऱ्याचा हंडा सरकवतंय ते बघू."

मालन खाली बघून गालात हसली. "पयलां नाव कोणाचां?" तिनं विचारलं.

"माझं," राधाबाई म्हणाली. "त्याच्याखाली तुझं."