दिलेल्या मुलींची नावं

“आमना घरमा कोनलेच कॅन्सर नही, मॅडम,” मनीषाचे वडील, नाना, ठासून म्हणाले. देवपूरहून ते लेकीला घेऊन जळगावच्या आमच्या हॉस्पिटलात आले होते. मनीषा एकोणतीस वर्षांची. स्तनाचा कॅन्सर, केमो चालू.

मी जेनेटिक काउन्सेलर. इतक्या लहान वयात कॅन्सर झाला, तर आईकडून किंवा बापाकडून आलेल्या जनुकात बिघाड आहे का, हे रक्त तपासून बघता येतं. तपासायचं की नाही, हे पेशंटनं ठरवायचं. मी फक्त समजावून सांगते. बिघाड निघाला, तर सख्ख्या बहिणीतही तो असण्याची शक्यता निम्मी.

नानांचं ऐकून मी फॉर्मवर लिहून टाकलं, ‘फॅमिली हिस्टरी निल’.

मनीषा म्हणाली, “कोणालाच नाही ना, मग उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? पुढच्या आठवड्यात कविताची सुपारी फुटायचीय. रिपोर्ट खराब आला तर माझ्या बहिणीला कोण करून घेईल?”

“तुझं वय बघता टेस्ट करावी, असं माझं मत आहे,” मी म्हणाले. पण समोर ते ‘निल’ होतं. फार जोर लावला नाही. तिनं नकारावर सही केली.

कविताचं लग्न झालं. त्यानंतर मनीषा नानांसोबत फॉलोअपला आली ती हादरलेलीच.

“मांडवात एक म्हातारी मला बघून रडली. माझ्या आत्यालाही छातीत गाठ होती म्हणे. चौतिसाव्या वर्षी गेली.”

मी नानांकडे वळले. “नाना, मी विचारलं होतं ना?”

“ती ते दियेल पोर, मॅडम. ती आमना घरनी कशी?”

माणूस खोटं बोलला नव्हता. लग्न करून दिलेली मुलगी त्यांच्या हिशेबी घरातली नव्हतीच. ‘तुमच्या घरात कोणाला?’ असं मीच विचारलं होतं. इथेच वाढलेय मी. मला कळायला हवं होतं. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

मनीषानं त्याच दिवशी रक्त दिलं. रिपोर्ट आला. बिघाड होता.

“माझं व्हायचं ते झालं. आता कविताचं बघा,” ती म्हणाली.

नानांनी माझ्यासमोरच जावयाला फोन लावला, स्पीकरवर. जावयांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “नाना, आमच्या घरात असलं काही नाही. कविता आता आमची आहे. तिचं आम्ही बघू.”

फोन बंद झाला. नानांनी तो खिशात ठेवला.

“मीबी आसंच सांगं व्हतं,” ते म्हणाले.

तेव्हापासून मी ‘घर’ हा शब्द वापरत नाही. आत्या किती, बहिणी किती, कुठे दिल्या, कशानं गेल्या, हे नावानिशी विचारते. लोक चिडतात. चिडू देत. कविता मात्र अजून आलेली नाही.