एकावरच खूण

साठाव्या वर्षी मी समाजशास्त्राच्या एम.ए.ला बसले आणि प्रश्नावली घेऊन एका फुलवालीला विचारलं, "हे झाड गेलं तर तुमचं काय जाईल? पर्यावरण, अर्थव्यवस्था, संस्कृती की समाजजीवन? एकावरच खूण करायची." तरुण होते हो तेव्हा, अक्कल बेताचीच.

कानडी मुलखात, बनशंकरीतल्या एका पिंपळाच्या कट्ट्यावर ती बसायची. रस्ता रुंद करायचा म्हणून त्या पिंपळावर तोडणीचा पांढरा आकडा रंगवला होता. तिची बोटं न बघता शेवंती ओवत, पण जवळ एखादी लॉरी थांबली की दोरा थांबायचा आणि तिचा तळहात त्या आकड्यावर जायचा. झाकला तर कुणाला दिसणार नाही, असं तिला वाटत असावं.

"कट्ट्यावरच्या दगडी नागाला दूध घालायला बायका येतात, म्हणून फुलं खपतात," ती म्हणाली. "सावली आहे म्हणून फुलं टिकतात, अन् बायका घटकाभर बसून सुखदुःख बोलतात. यातलं कुठलं एक सांगू?"

मी पेन सरसावून म्हटलं, "तरी एकच सांगा."

लॉरीच्या आवाजाकडे कान ठेवून ती म्हणाली, "सरी अक्का, बरं. मग करवतवाले आले की त्यांनाही सांगा, एकच फांदी न्या म्हणून."