गिटारीचा विडा

संदेश चाळके म्हणजे खोपटच्या गल्लीत गाड्यांना रंग मारणारा माणूस. पण त्याला पेंटर म्हणालात तर नुसती मान हलवेल. गिटारवाला म्हणा, बघा कसा खुलतो! शीळफाट्याजवळच्या मयूरच्या घरच्या बेंजो पार्टीत तो मिसरूड फुटल्यापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवत आलेला. आगऱ्यांच्या हळदीत त्याने सूर धरला की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठायच्या. लग्नबिग्न त्याने केलंच नाही. विचारलं तर म्हणायचा, सीझनमध्ये मी घरी असतो कुठे?

पार्टीची एक रीत होती. खंडेनवमीला सगळी वाद्यं मयूरच्या घरी पाटावर मांडायची, पूजा करायची आणि दसरा उजाडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. दसऱ्याला मयूरची आई, कमळाबाई, एकेका वाद्याचा विडा द्यायची. ज्याच्या हातात विडा, त्यानेच वर्षभर ते वाद्य वाजवायचं; वाद्यं मात्र मयूरच्या घरीच राहायची. गिटारीचा विडा संदेशचाच, हे इतकं ठरलेलं, की तिने नाव घ्यायच्या आधीच हा हात पुढे करून उभा असायचा.

यंदा पूजेच्या आदल्या दिवशी मयूर स्वतः गिटार घेऊन खोपटला आला. नाहीतर पूजेआधी साफ करायला संदेशच ती आणायला जायचा.

"संदेशदादा, एकदम नवीकोरी दिसली पाहिजे हां. आणि ऐक ना, तारा बारीक टाक. जरा खाली पण घे."

"खाली कशाला रे? मला उंचच लागतात."

"अरे, घे ना! बोटं किती सुजतात तुझी, मी काय बघत नाही का?"

झालं. आमचा हा भोळा सांब विरघळला. रंगाच्या कामाने आणि तारांनी त्याची बोटं खरंच कामातून गेली होती, आणि आजवर ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं. मयूर गेल्यावर त्याने डोळे पुसले, गॅरेज अर्धं बंद केलं आणि कामाला बसला.

जुन्या तारा काढल्या. गिटारीच्या गळ्यावर वर्षभराचा घाम साचलेला, आणि हळदी वाजवणाऱ्याची गिटार ती, प्रत्येक फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्टीच्या, कडेला पिवळी रेघ! त्याने लाकडावर कागदी टेप लावली, फक्त धातूच्या पट्ट्या उघड्या ठेवल्या. तारांखालच्या पिकअपवरही टेप, नाहीतर लोखंडी काथ्याचा भुगा त्यातल्या चुंबकाला चिकटतो आणि मग आवाज खरखरतो. मग बारीक काथ्याने एकेक पट्टी घासली, चांदीसारखी होईपर्यंत. टेप काढून फ्रेटबोर्डवर तेलाचे दोन-चार थेंब फिरवले, लाकूड प्यायलं तेवढं पिऊ दिलं, उरलेलं लगेच पुसलं. अंगाला मात्र गाडी घासून चकाकवायचं कंपाउंड लावलं नाही. पूर्वी एकदा लावलेलं, तर चमक कायमची उडाली होती. तो डाग त्याच्या मनातून अजून गेला नव्हता. जुन्या बनियनचा मऊ तुकडा किंचित ओला केला आणि लहान पोराचं तोंड पुसावं तसं पुसून काढलं. शेवटी बारीक तारा चढवून गळ्यालगत खाली घेतल्या, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. बोटं ठेवून बघितली. दुखलं नाही. "मयूर, बाळा, देव तुझं भलं करो," असं तो मोठ्याने म्हणाला.

नवमीला तो गिटार मयूरकडे पाटावर मांडून आला आणि दसऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा शीळफाट्याला पोचला. ओसरीवर डोंबिवलीचा साकेत बसलेला. मोबाइलवरच्या व्हिडिओंत वेगात गिटार वाजवून दाखवणारा तो पोरगा संदेशला माहीत होता. पाहुणा असेल, असं त्याला वाटलं.

ढोलकीचा विडा झाला, कीबोर्डचा झाला. गिटारीची पाळी आली तसा संदेशने सवयीने हात पुढे केला.

"आये, यंदा साकेतला दे," मयूर म्हणाला.

कमळाबाईचा हात तिथेच थांबला. "आन् संदेशला रं?"

मयूरने मान वर केली नाही. ओसरीवरच्या सगळ्यांनी नजरा पाटाकडे वळवल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! याच्या एकट्यावाचून सगळ्यांना! संदेशने हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा तेच त्याला कळेना.

साकेतने विडा घेतला, गिटार उचलली, बोटं सर्रकन फिरवली. "काय मक्खन झालीय यार! मयूरला बोललेलो तशाच बारीक तारा, तेवढ्याच खाली!"

तेव्हा कुठे संदेशच्या डोक्यात उजेड पडला. पार्टीतली जागा गेली याचं दुःख होतंच, पण सुजल्या बोटांचं नाव घेऊन मयूरने आपल्याकडून हे करून घेतलं!

मयूर जवळ आला, खांद्यावर हात टाकला. "दादा, तू आपलाच आहेस. गिटारीची साफसफाई दर वर्षी तुझ्याकडेच हां. तुझ्यासारखा हात कोणाचाय?"

संदेशने तो हात खांद्यावरून उचलून खाली ठेवला.

"परवा खरं सांगितलं असतंस ना मयूर," तो म्हणाला, "तरी मी ती अशीच पुसली असती रे."